पत्ती कडक नव्हती

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणी माझी उगाच कीव करणार नाही.

अमरावतीत एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी लग्न होते. वरात मांडवाच्या दाराशी आलेली, मी सनई वाजवत होतो. वरचा सूर लावायला गेलो आणि आवाज फाटला. पुन्हा लावला, पुन्हा फाटला. डोळ्यांपुढे अंधारी आली. लोक माना वळवून बघू लागले. मी सनई तोंडातून काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या सख्ख्या धाकट्या भावावर, गोविंदावर, सगळ्यांदेखत ओरडलो.

"कडक पत्ती लावून देली यानं मले! मुद्दाम! याले थोरलेपण पाहिजे, म्हणून माहा दम मारून राहिला. चोर हाय हा!"

गोविंदा काहीच बोलला नाही. बोलणार कसा? सनईच्या जोडीत एक जण चाल वाजवतो आणि दुसरा मागे एकच सूर धरून ठेवतो; त्याच्या वाद्यालाही सूरच म्हणतात. तो दुसरा गोविंदा. त्याच्या तोंडात सूर होता आणि तो त्याने सोडला नाही. मी ओरडत होतो आणि माझ्या ओरडण्यामागे तो सूर तसाच चालू होता. शेवटी आमच्या किसन संभळवाल्याने जोरजोरात संभळ बडवून माझा आवाज बुडवला.

त्या दिवशी मी आजारी होतो, पण आजारी आहे हे मला मान्य नव्हते. हे लिहितो आहे ते कापसात राबणाऱ्यांसाठी आणि गाऊन-फुंकून पोट भरणाऱ्यांसाठी. माझ्यासारखी वर्षे कोणी वाया घालवू नयेत.

फुंकर

आम्ही देवीचे गुरव. पहाटेची आणि सांजेची सनई आमच्या घराकडे आहे. पण अमेरिकेत लढाई पेटली, तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला, आणि आमच्या वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीचे सोने झाले. ज्याला दोन हात होते तो कापसात शिरला. मीही एका वखारीत मुकादम झालो.

माझे काम रुई पारखण्याचे. प्रत्येक पोत्यातून एक झुपका उपसायचा, तोंडाजवळ धरून बोटांनी ताणायचा, आणि फुंकर मारून त्यातला कचरा उडवायचा. म्हणजे धागा नीट दिसतो. माझ्या फुंकरीचे सगळ्या वखारीत कौतुक होते. शेठ पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचे, "आमचा मुकादम वाजंत्री आहे. एका फुंकरीत पोतं साफ करतो." मी छाती फुगवून फुंकायचो. फुंकण्याआधी जो श्वास आत ओढायचो, त्यातून काय आत जाते, याचा विचार कधी मनाला शिवला नाही. हवेत तर सदा धुक्यासारखा कापूस तरंगत असायचा. संध्याकाळी घरी आलो की भुवया पांढऱ्या झालेल्या असत. बायको हसून म्हणायची, "लवकर म्हातारे झाले तुमी."

खोकला सुरू झाला तेव्हा मी त्याला किंमत दिली नाही. मग धाप लागू लागली. तिचा एक चमत्कारिक नियम होता. वखार अमावास्येला बंद असायची. तो सगळा दिवस मी सनईची मेहनत करायचो. दुसऱ्या दिवशी कामावर गेलो की दुपारपर्यंत छाती दोरखंडाने आवळल्यासारखी व्हायची. चार-पाच दिवसांत ती थोडी सैल पडायची, आणि पुढच्या अमावास्येनंतर पुन्हा तेच.

शेजारीण म्हणाली, अमावास्येची बाधा आहे. तिने माझ्यावरून मिरच्या उतरून टाकल्या, त्या धुराने मी अर्धा मेलो. वैद्यबुवा म्हणाले, अमावास्येला दिवसभर फुंकता, त्याने छाती कोरडी पडते. त्यांनी अडुळशाचा काढा दिला आणि सनई कमी करायला सांगितले. हकीमसाहेबांनी दही बंद केले. सासऱ्यांनी नवस बोलायला लावला. एवढी डोकी लागली, पण कापसाचे नाव एकाच्याही तोंडून निघाले नाही. कसे निघणार? वैद्यबुवांनी त्याच कापसावर नवे घर बांधले होते. माझ्या पोरींच्या अंगावरची लुगडी त्याच कापसाची होती. जो घर भरतो त्याच्याकडे बोट दाखवायचे कोणाला सुचत नाही. मलाही सुचले नाही.

मग मी सनईकडे बोट दाखवले. आणि सनईकडून गोविंदाकडे.

आमच्या घरची रीत अशी की थोरल्याची पत्ती धाकट्याने करायची. सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची जी पत्ती असते, तिच्यातून सगळा आवाज निघतो. धाकटा ती तासतो, तोंडात भिजवतो, सनईला बसवतो आणि थोरल्याच्या हाती देतो. थोरल्याने ती न तपासता तोंडाला लावायची. तपासली तर तो धाकट्याचा अपमान. त्यामुळे कितीतरी वर्षे मी पत्तीकडे नीट बघितलेलेच नव्हते. फुंकायला जड जाऊ लागले तेव्हा माझी छाती कमी पडते आहे, हे म्हणण्यापेक्षा पत्ती कडक आहे हे म्हणणे मला सोपे गेले. आणि मी ते मांडवात ओरडून म्हटले.

अकोला

त्यानंतर मी अंथरूणच धरले. आडवे होता येईना. सरस्वती, माझी बायको, भिंतीला टेकून बसायची आणि मी तिच्या पाठीला पाठ लावून डुलक्या घ्यायचो. ती हलली की मी खेकसायचो. एकदा ती म्हणाली, "मले पाय तं लांब करू द्या." मी त्यावरही चिडलो. दुखणेकऱ्याला सगळे माफ असते असे लोक म्हणतात. तसे काही नसते. ज्याची पाठ धरते त्याला विचारावे.

थुंकीत एकदा लाल रेघ दिसली आणि क्षयाची भीती घरात शिरली. तो शब्द कोणी उच्चारला नाही, पण माझे ताट-वाटी वेगळे निघाले. अकोल्याला सरकारी दवाखान्यात मुंबईचा शिकलेला डाक्तर आला आहे आणि माझी थोरली बहीण, आक्का, तिथेच राहते, म्हणून आम्ही दमणीला बैल जुंपून निघालो. गोविंदा दमणीबरोबर वेशीपर्यंत चालत आला. त्याने पेटी आत ठेवली आणि म्हणाला, "सांभाळून जा, दादा." मी बैलांकडे बघत राहिलो.

मूर्तिजापूरपर्यंत वाटभर कापसाच्याच गाड्या. आमच्या पुढे एक, मागे एक. मी तोंडावर पंचा धरून बसलो होतो तो रस्त्याच्या धुळीमुळे. कापसामुळे नव्हे!

डाक्तर तरुण होता, दमलेला दिसत होता. त्याने माझ्या पाठीला लाकडी नळी लावून तिला कान लावला. मग म्हणाला, "धंदा काय?"

"सनई वाजवतो."

"आणि दिवसा?"

"वखारीत मुकादम हाय."

त्याने धाप केव्हा लागते ते विचारले. मी अमावास्येचे सगळे पुराण सांगितले. तो म्हणाला, "अमावास्येला वखार उघडी असते?"

"नाई, बंद."

"त्या दिवशी सनई वाजवता. तेव्हा छाती आवळते?"

"नाई. त्या दिवशी तं बरं वाटते."

"मग केव्हा आवळते?"

"दुसऱ्या दिवशी. वखारीत पाय टाकला का."

त्याने नळी खाली ठेवली. "गुरवबुवा, आत्ता तुम्ही काय म्हणालात ते ऐकलंत का?"

मला काही उमगेना. सरस्वती दाराशी उभी होती. तिला उमगले असावे, कारण तिने पदर तोंडाशी नेला. डाक्तराने हात पुढे करून माझ्या कानातून कापसाचा एक बारीक पुंजका काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "चार दिवस प्रवास करून आलात, तरी हा कानात आहे. आत किती असेल?"

क्षय नव्हता. कापसाच्या धुळीचा जुना दमा होता. मला आनंद व्हायला हवा होता. पण आधी राग आला. मी म्हटले, "म्हणजे सनईनं काई केलं नाई?"

"नाही."

"मंग सनई वाजवू?"

"मुळीच नाही. आता फुप्फुसात जोर नाही. जोराने फुंकलंत तर आतलं फाटेल. वखारीतही पाऊल टाकायचं नाही."

ज्याने मारले ते सोडा, आणि ज्याने मारले नाही तेही सोडा. मग माझ्याजवळ राहिले काय? हे मी त्याला विचारले नाही. विचारण्याइतका दमच नव्हता.

खाट

दवाखान्याच्या ओसरीत मला एक खाट मिळाली. सकाळी कडू औषध, मग वाफारा, मग डाक्तराची वाट. दुपारी पेज, पुन्हा वाफारा, पुन्हा वाट. आजारात सगळ्यात जास्त काय करावे लागत असेल तर वाट बघावी लागते, आणि मला ती कधीच नीट जमली नाही. डाक्तर आला की मी रोज तेच विचारायचो, केव्हा बरा होईन? तो रोज तेच म्हणायचा, "बघू." या एका शब्दाचा मला अजून तिटकारा आहे.

पहिल्याच दिवशी वाफारा देणाऱ्या म्हाताऱ्या नोकराने पाठीमागे टेकायला उशी आणली. ती कापसाची होती. मी ती ओसरीखाली भिरकावली. त्याने उचलून आणली नाही, मला बोलही लावला नाही. निघून गेला आणि थोड्या वेळाने कडब्याने भरलेले पोते घेऊन आला. "हे टोचते," तो म्हणाला, "पण पाठ टेकली का हे आपलं ऐकते." त्या पोत्यावर मी कित्येक आठवड्यांनी सलग झोपलो. ते अजून माझ्या पाठीला आठवते.

आक्काचे जाते

उठून बसता आल्यावर आक्काने मला तिच्या घरी नेले. तिथे माझी चिडचिड आणखी वाढली, कारण आता मी मरत नव्हतो आणि जगतही नव्हतो. अंगणापर्यंत चाललो की बसावे लागे. मी श्वास ओढत राही, ओढत राही, आणि जितका ओढावा तितका तो कमी पडे.

आक्का पहाटे दळायला बसायची. मला झोप नसायचीच. एकदा तिने हाक मारली, "म्हादू, इकडे ये. बसून बसून भिंत झाला तू. हात नाई चालत तं तोंड तरी चालव. मले ओवीले साथ दे."

"डाक्तरानं फुंकू नको म्हटलं."

"मंग म्या कुठं फुंकाले लावलं? म्हणाले लावलं. बायकाचं गाणं म्हणून लाज वाटून राहिली काय?"

"वाटते."

"मंग हळू म्हण. मी कोनाले नाई सांगत."

दुपारपर्यंत ते सगळ्या आळीला ठाऊक झाले होते, ही गोष्ट वेगळी.

ती मला चिडवायला मनाने रचून म्हणायची:

भाऊ आला भेटीले, बसला वं जात्यापाशी,
सनईचा राजा माहा, बोलेना वं कोनापाशी.

पहिल्या दिवशी मी अर्ध्या ओळीत खोकलो. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, हे काही जमणार नाही. आक्का जाते थांबवायला तयार नव्हती. "जातं थांबत नाई तुह्या खोकल्यासाठी. पुढची ओळ धर."

ओवीची ओळ जात्याच्या फेऱ्याबरोबर संपते. मध्येच तोडता येत नाही. दम सरत आला तरी शेवटचा शब्द हळूहळू बाहेर सोडावा लागतो. तसा तो सोडला की आत जागा होते, आणि पुढचा श्वास न ओढता आपोआप येतो. हे मला कळायला बरेच दिवस लागले. जन्मभर सनई वाजवली, पण तिथे माझे सगळे लक्ष श्वास पटकन ओढून घेण्याकडे. आजारातही मी तेच करत होतो. भरलेल्या रांजणात आणखी पाणी ओतत होतो. रिकामे करायचे असते हे ध्यानातच आले नाही.

पण कोणी असे समजू नये की ओव्या म्हटल्या आणि मी खडखडीत बरा झालो. काही दिवस दोन ओव्या जमत, काही दिवस एकही नाही. ढगाळ हवेत छाती पुन्हा बंद. एकदा चेव येऊन मी वरच्या पट्टीत लावले आणि तीन दिवस खाटेवर पडलो. डाक्तराला सांगितले तेव्हा त्याने नळी लावून बराच वेळ ऐकले.

"गाण्याने फुप्फुस नवं होत नाही, गुरवबुवा. जे गेलं ते गेलं. पण आत कोंडलेला वारा बाहेर सोडायला तुम्ही शिकलात. हळू, खालच्या सुरात म्हणत जा. धाप लागली की थांबा. आणि कापसापासून लांब राहा, नाहीतर ओव्यांचा काही उपयोग नाही."

"अन् सनई?"

"बघू."

डबी

सनई सरस्वतीने मला न विचारता पेटीत घालून आणली होती. एका दुपारी ती मला सापडली. शेजारी पत्त्यांची छोटी डबी. मी मांडवातली ती पत्ती काढली. ओळखू आली, कारण तिला लावलेला लाल दोरा मी त्या दिवशी रागाने ओढून तोडला होता. वाजवणार नव्हतो. कितीतरी वर्षांनी नुसती बघत होतो. दारातून ऊन येत होते आणि पत्तीतून पलीकडचे ऊन दिसत होते.

इतकी पातळ पत्ती मी कधी पाहिली नव्हती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी. डबीतल्या बाकीच्या पत्त्या काढल्या. सगळ्यात जुनी जाड होती, नेहमीसारखी. पुढची थोडी तासलेली. त्यापुढची आणखी. माझा दम जसजसा कमी होत गेला तसतसा गोविंदा पत्ती पातळ करत गेला होता, म्हणजे मला फुंकायला सोपे जावे. शेवटी ती इतकी पातळ झाली की वरच्या सुराचा भार तिला सोसेना. मांडवात आवाज फाटला तो त्यामुळे. पत्ती कडक नव्हती. त्याहून मऊ पत्ती होऊच शकत नव्हती.

मी सरस्वतीला हाक मारली. "तुले ठाऊक होतं?"

ती तांदूळ निवडत होती. "साऱ्या घराले ठाऊक होतं. तुमालेच नव्हतं."

"मंग काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुमी काय सोडलं असतं? कापूस, का सनई?"

तिने सूप पाखडले. ती म्हणाली, "भाऊजी म्हणे, दादाले कळलं का दम गेला, तं तो त्या दिवशीच मरीन."

खरे सांगतो, आधी मला गोविंदाचाच राग आला. त्याने माझी लाज झाकली म्हणून माझा आजार वाढला. पहिल्याच वर्षी तो म्हणाला असता, दादा, दम कमी पडून राहिला, तर मी कदाचित सावध झालो असतो. हे मी सरस्वतीला बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "तो बोलला असता अन् तुमी ऐकलं असतं?" मग तांदळातला खडा बाहेर फेकून म्हणाली, "मांडवात तं तो गप्पच होता. तरी तुमी चोर म्हटलं."

परत

अमरावतीला परतलो तेव्हा अमेरिकेतली लढाई संपली होती आणि कापूस कोसळला होता. माझी वखार बंद. ज्या व्यापाऱ्याच्या मांडवात मी ओरडलो त्याच्या दाराला कुलूप, माणसे कुठे गेली कोणालाच ठाऊक नाही. याचा मला फार त्रास झाला. शिवी शंभर माणसांत दिली होती. माफी मागायची तर ती माणसे आणायची कुठून?

मी नसताना गोविंदाने देवीची चाकरी एकट्याने केली होती. मागे सूर धरायला कोणी नाही. सरस्वतीला शेजारणीने सांगितले, तो श्वास घ्यायला थांबला की देवळात एकदम सुने वाटायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी देवळात गेलो. गोविंदा पायरीवर बसून पत्ती भिजवत होता. मला बघून उठला. पत्ती सनईला बसवली आणि रीतीप्रमाणे माझ्यापुढे धरली. किसन संभळ ताणत होता. त्याने मान वर न करता मोठ्याने विचारले, "काहो दादा, आज पत्ती कशी हाय? कडक, का नरम?"

काकडआरतीला आलेली दहा-बारा माणसे थांबली. मांडवातल्यांपैकी त्यांत किसन एकटाच होता. पण तो एक पुरेसा होता. त्याने सगळे ऐकले होते.

मी गोविंदाच्या हातची सनई घेतली नाही. त्याच्या काखेतला सूर घेतला, जो त्याने इतकी वर्षे माझ्यामागे धरला होता.

"दादा, तुले सूर झेपत नाई," तो हळूच म्हणाला. "तो सोडता येत नाई मधात."

"हळू फुंकीन. तुटला तं तुटू दे. चाल तू वाजव."

"थोरला तू हायेस."

"म्हणूनच आधी मी बोलतो. किसना, तूही ऐक, अन् मांडवातलं जे कोणी भेटीन त्याले सांग." आक्काच्या जात्याशी शिकलो होतो तसा मी आतला वारा हळूहळू सगळा बाहेर जाऊ दिला. मग बोललो. "गोविंदा, पत्ती कडक नव्हती. माहा दम सरला होता अन् बोल मी तुले लावला. तू चोर नव्हता. तुनं मले सांभाळलं, अन् मी तुले भर मांडवात नागवलं. माहं चुकलं, बाबू. मले माफ कर."